बंद गाठीतला धडा

मुलांनो,

उन्हाळा तोंडावर आला की आपल्याकडं हळदीचे दिवस सुरू होतात. वसमतकडं, हिंगोलीकडं (1999 पर्यंत हा सगळा मुलूख आपल्या परभणी जिल्ह्यातच होता, बरं का!) शेताशेतात हळद उकडायचे कुकर पेटतात. उकडलेली हळद वाळत पडते आणि तिथं काम करणारा प्रत्येक माणूस नखशिखान्त पिवळा होऊन जातो. अशाच दिवसांत वर्गात एका मुलीनं विचारलं, “गुरुजी, हळदीनं मेंदूचे अन् नसांचे रोग बरे होतात म्हणं. आमच्या शेजारच्या दादाला नीट चालता येईना झालंय. डॉक्टर म्हणले, घराण्यातून आलेला रोग आहे. त्याला हळद-दूध दिलं तर?”

प्रश्न साधा वाटतो, पण उत्तर सोपं नाही. ‘हो’ म्हणावं तर खोटं. नुसतं ‘नाही’ म्हणावं तर अर्धवट. कारण हळदीचा आणि पेशीतल्या एका फार नाजूक कामाचा संबंध शास्त्रज्ञांना खरोखरच सापडलेला आहे. तो काय, आणि त्यातून औषध होतं की नाही, हे समजून घ्यायचं तर आधी आपल्याला जावं लागेल जिनिंगमध्ये. कापसाची गाठ बघायला!

दोन मीटर धागा, टाचणीच्या टोकाहून लहान डबी

मानवत, सेलू, परभणी इथल्या जिनिंग-प्रेसिंगमध्ये तुम्ही कधी गेला असाल. सरकी काढलेली रुई ढगासारखी पसरलेली असते. तीच प्रेसमध्ये दाबली की 170 किलोची टणक गाठ होते. रुई तीच, पण गाठीतून तुम्हाला वातीपुरताही कापूस सहज ओढता येणार नाही. वात वळायची, सूत कातायचं, तर आधी गाठ सोडावी लागते.

आपल्या शरीरातल्या पेशींतही असाच प्रकार आहे. पेशीच्या आत केंद्रक असतं. त्यात डीएनए नावाचा धागा असतो. एका पेशीतला सगळा धागा टोकाला टोक जोडून ताणला तर भरतो जवळजवळ दोन मीटर, आणि ज्या केंद्रकात तो मावतो ते मिलिमीटरच्या शंभराव्या भागाएवढंही नसतं! या धाग्यावर ए, टी, जी, सी अशी चारच अक्षरं पुनःपुन्हा येऊन सुमारे 300 कोटी अक्षरांचं एक पुस्तक लिहिलेलं आहे. त्यातले सुमारे 20 हजार धडे म्हणजे जनुकं. धडा वाचला की त्याप्रमाणं पेशी एक प्रथिन तयार करते.

एवढा लांब धागा गुंता न होता राहतो कसा? तो रिळांवर गुंडाळलेला असतो. हिस्टोन नावाची आठ प्रथिनं एकत्र येऊन एक रीळ बनतं. त्याभोवती धाग्याचे सुमारे पावणेदोन वेढे बसतात. मग पुढचं रीळ, मग त्याच्या पुढचं. अशी कोट्यवधी रिळं. जिथं रिळं एकमेकांना खेटून घट्ट बसली, तिथला धडा वाचता येत नाही. जिथं ती सैल झाली, तिथला वाचता येतो.

आता मजा बघा. कढीपत्त्याच्या झाडावर दिसणारी अळी आणि तिचंच पुढं होणारं फुलपाखरू, दोघांच्या पेशीत पुस्तक एकच असतं. एक अक्षरही बदलत नाही. बदलतं ते हे, की कोणते धडे उघडे आणि कोणते मिटलेले. तुमच्या डोळ्याच्या आणि यकृताच्या पेशीतही पुस्तक तेच. अक्षरं न बदलता धडे उघडण्या-मिटण्याच्या या अभ्यासाला ‘एपिजेनेटिक्स’ म्हणतात. ‘एपि’ म्हणजे वर, वरचेवर चढवलेलं. पुस्तकाच्या मजकुरात खाडाखोड नाही. वरून लावलेल्या खुणांचा सगळा खेळ.

ढिलेराव आणि घट्टेराव

या खुणा लावतं कोण? त्यासाठी पेशीत विकरं म्हणजे एंझाइमं असतात. आपण दोन मंडळींना टोपणनावं देऊ.

पहिले ढिलेराव. हे रिळाच्या शेपटांवर ‘ॲसिटिल’ नावाची छोटीशी चिठ्ठी चिकटवतात. रिळाच्या शेपटांवर धन प्रभार असतो, धाग्यावर ऋण. विरुद्ध प्रभार एकमेकांना ओढून धरतात, हे तुम्ही विज्ञानात शिकलात किंवा शिकाल. चिठ्ठी चिकटली की शेपटीवरचा तो प्रभार नाहीसा होतो, ओढ कमी होते आणि गाठ ढिली पडते. धडा उघडतो.

दुसरे घट्टेराव. हे ती चिठ्ठी उपटून काढतात. ओढ परत येते, गाठ आवळते, धडा मिटतो.

कुणी चांगला, कुणी वाईट असं नाही हं! दोघांचीही गरज आहे. सगळेच धडे एकदम उघडले तर वर्गात सगळ्यांनी एकाच वेळी वेगवेगळे पाढे म्हणावेत तसा गोंधळ होईल.

रिळावर अशा चिठ्ठ्या लागतात आणि त्यांचा धडा वाचण्याशी संबंध असावा, हे अमेरिकेतल्या व्हिन्सेंट ऑलफ्री यांनी 1964 मध्येच सांगितलं होतं. पण चिठ्ठी लावणारे आणि काढणारे हात सापडायला आणखी 32 वर्षं गेली. 1996 मध्ये डेव्हिड ॲलिस यांच्या गटाला ढिलेराव सापडले आणि त्याच वर्षी स्टुअर्ट श्रायबर यांच्या गटाला घट्टेराव. शास्त्रज्ञ घट्टेरावांना ‘एचडॅक’ म्हणतात. माणसात त्यांचे एकूण 18 भाऊबंद आहेत.

आणि योगायोग पहा. त्याच 1996 साली एका आनुवंशिक रोगाचं जनुक सापडलं. तिथंच आपल्याला जायचं आहे.

अडखळणारी पावलं

जर्मनीत हायडेलबर्ग इथं निकोलस फ्रीडराइख नावाचे डॉक्टर होते. 1863 मध्ये त्यांनी एका रोगाचं वर्णन केलं. तो त्यांच्याच नावानं ओळखला जातो: फ्रीडराइख ॲटॅक्सिया. ॲटॅक्सिया म्हणजे हालचालींचा ताळमेळ जाणं.

हा रोग बहुतेकदा शाळकरी वयातच डोकं वर काढतो, पाच ते पंधरा वर्षांच्या आसपास. आधी मूल पळताना पडतं. मग चालताना झोक जातो, पाय फाकवून चालावं लागतं. अक्षर बिघडतं, बोलणं जड होतं. काहींच्या पाठीचा कणा वाकतो. हृदयाचा स्नायू जाड होतो, काहींना मधुमेहही होतो. हळूहळू चाकाच्या खुर्चीची गरज पडते. पण बुद्धी शाबूत असते! गणित येतं, गोष्ट कळते, विनोदाला हसू येतं. आणि कुणी ‘दारुड्यासारखा चालतोय’ म्हणून खिदळलं, तर तेही सगळं ऐकू येतं आणि समजतं. हे वाक्य पुन्हा एकदा वाचा.

रोगाचं कारण काय? नवव्या गुणसूत्रावर एक धडा आहे. त्यावरून ‘फ्राटॅक्सिन’ हे प्रथिन बनतं. पेशीला ऊर्जा पुरवणारी जी तंतुकणिका, तिथं लोहाचा नीट वापर व्हावा म्हणून ते लागतं. फ्राटॅक्सिन कमी पडलं की चेतापेशी आणि हृदयाच्या पेशी उपाशी पडल्यासारख्या होतात आणि झिजत जातात.

या धड्याच्या मध्ये एक मोकळी जागा आहे. तिथं ‘जीएए, जीएए, जीएए’ अशी तीन अक्षरं पुनःपुन्हा येतात. निरोगी माणसात ती तीस-पस्तीस वेळांपेक्षा जास्त नसतात. रुग्णांत मात्र बहुधा कित्येकशे वेळा, कधी हजाराच्याही वर! शिक्षा म्हणून एकच शब्द पानंच्या पानं लिहायला लावावा, तसं. ही जागा प्रथिनाच्या मजकुराचा भाग नाही, त्यामुळं खरा मजकूर चुकलेला नसतो. तरी घोटाळा होतो. एवढ्या लांबलचक पुनरावृत्तीच्या आसपास चिठ्ठ्या कमी पडतात, रिळं आवळली जातात आणि अख्खा धडाच गाठीत बंद होतो.

म्हणजे पुस्तक फाटलेलं नाही. धडा शाबूत आहे. फक्त पान उघडत नाही.

मग घट्टेरावांनाच बसवलं तर?

तुमच्यातल्या हुशार मुलांच्या डोक्यात आलंच असेल. चिठ्ठ्या कमी पडताहेत ना? मग चिठ्ठ्या काढणाऱ्याला थोडा वेळ खुर्चीत बसवून ठेवायचं! विकराला असं अडवून धरणाऱ्या रसायनाला ‘रोधक’ म्हणतात.

अगदी हाच विचार अमेरिकेत कॅलिफोर्नियातल्या स्क्रिप्स संशोधन संस्थेत जोएल गॉटेसफेल्ड आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी केला. त्यांनी रुग्णांच्या रक्तातल्या पेशी घेऊन त्यांच्यावर घट्टेरावांचे वेगवेगळे रोधक टाकून पाहिले. बहुतेकांचा उपयोग झाला नाही. एकानं आशा दाखवली. त्यात थोडे रासायनिक फेरफार करून त्यांनी नवे रोधक बनवले आणि 2006 मध्ये जाहीर केलं, की या पेशींत बंद धडा पुन्हा वाचला जाऊ लागला, फ्राटॅक्सिन वाढलं! 2008 मध्ये उंदरांतही असंच दिसलं.

यात एक दिलासा देणारी गोष्ट आहे. ज्या आईवडिलांकडून हा रोग येतो, त्यांच्यात या धड्याची एक प्रत चांगली आणि एक बंद असते. त्यांच्याकडं फ्राटॅक्सिन साधारण निम्मंच असतं, तरी ते ठणठणीत असतात. म्हणजे औषधानं धडा पूर्ण उघडायची गरज नाही. निम्म्यापर्यंत पोचलं तरी पुष्कळ!

मग हे औषध दुकानात का मिळत नाही? इथंच विज्ञानाची खरी परीक्षा असते. 2014 मध्ये इटलीतल्या रुग्णांवर झालेल्या पहिल्या चाचणीचे निष्कर्ष आले. गोळी घेतल्यावर रक्तपेशींत धड्याचं वाचन वाढलेलं दिसलं. पण हे रसायन शरीरात नको तसं मोडत होतं, त्यातून त्रासदायक पदार्थ तयार होण्याची भीती होती. ते पुढं गेलं नाही.

त्याच वर्षी लंडनमधल्या डॉक्टरांनी दुसरा मार्ग सांगितला. निकोटिनामाइड हे बी-3 जीवनसत्त्वाचं एक रूप. तेही काही घट्टेरावांना अडवतं. दहा रुग्णांना ते देखरेखीखाली, फार मोठ्या मात्रेत दिलं. रक्तातलं फ्राटॅक्सिन वाढलं. पण आठ आठवड्यांच्या त्या काळात चालण्या-बोलण्यात सुधारणा दिसली नाही. (म्हणून लगेच जीवनसत्त्वाच्या गोळ्या खात सुटू नका. एवढ्या मात्रेत त्यानं मळमळ होते, यकृतालाही त्रास होऊ शकतो.)

अडचणी ध्यानात आल्या का? एक, घट्टेराव शरीरभर काम करतात. त्यांना सगळीकडंच बसवून ठेवलं तर जे धडे मिटलेले बरे, तेही उघडायचे. दोन, औषध रक्तातून मेंदूत शिरायला हवं, आणि मेंदूच्या दारावरचा पहारा फार कडक असतो. तीन, जी चेतापेशी मेली ती परत येत नाही, म्हणून औषध लवकर द्यायला हवं आणि वर्षानुवर्षं झेपायलाही हवं.

शास्त्रज्ञ थांबले मात्र नाहीत. 2001 मध्ये त्याच कॅलिफोर्नियातल्या दुसऱ्या गटानं पिकल्या फळांवर घोंघावणाऱ्या माश्यांवर काम केलं. त्यांच्यात हंटिंग्टन या दुसऱ्या आनुवंशिक मेंदूविकाराचं जनुक घातलं होतं. घट्टेरावांचे रोधक चारल्यावर त्या माश्यांच्या चेतापेशींची झीज कमी झाली. फ्रीडराइख ॲटॅक्सियावर तर 2023 मध्ये अमेरिकेत पहिल्यांदाच एका औषधाला मान्यता मिळाली, ओमाव्हेलोक्सोलोन. ते सोळा वर्षांच्या पुढच्यांसाठी आहे. ते रोग मुळासकट बरा करत नाही, त्याची वाढ मंदावतं. आणि ते गाठ सोडवत नाही, पेशीला ताण सहन करायला मदत करतं. वाट वेगळी, पण पहिलं दार उघडलं.

आता हळदीचं

बंगळूरच्या जवाहरलाल नेहरू प्रगत संशोधन केंद्रात तपस कुमार कुंडू आणि त्यांचे विद्यार्थी ‘पी-300’ नावाच्या एका ढिलेरावाचा अभ्यास करत होते. त्याला रोखणारं काही निसर्गात आहे का, हे त्यांनी शोधलं. 2003 मध्ये काजूच्या टरफलातल्या तेलात एक सापडलं. 2004 मध्ये कोकमाच्या सालीतलं गार्सिनॉल, आणि त्याच वर्षी हळदीला पिवळा रंग देणारं कुर्क्युमिन! काजू आणि कोकम कोकणचं, हळद आपली. तिन्ही ओळखीचे पदार्थ निघाले.

पण थांबा. टाळ्या वाजवायच्या आधी नीट पहा. हे तिघंही कुणाला रोखतात? ढिलेरावांना. चिठ्ठी लावणाऱ्याला! फ्रीडराइख ॲटॅक्सियात आपल्याला काय हवंय? घट्टेरावांना रोखायला. म्हणजे गाडी नेमकी उलट्या दिशेची. परभणीहून नांदेडला जायचं आणि मनमाडच्या गाडीत बसायचं, त्यातली गत!

दुसरं असं, हे सगळं प्रयोगनळीतलं आणि पेशींवरचं काम आहे. तोंडानं घेतलेलं कुर्क्युमिन रक्तात फारच थोडं उतरतं आणि जेवढं उतरतं तेही लवकर मोडून जातं. 2017 मध्ये काही औषध-रसायनशास्त्रज्ञांनी कुर्क्युमिनवरचे पुष्कळसे प्रयोग एकत्र करून तपासले. नीट आखलेल्या चाचणीत ते औषध म्हणून उतरल्याचं त्यांना दिसलं नाही.

म्हणजे वरणातली हळद सोडायची का? मुळीच नाही. ती चव आहे, रंग आहे, आपल्या शेतकऱ्यांचं पीक आहे. पण ती औषध आहे असं समजून खरी तपासणी लांबवली, तर ते त्या दादाचं नुकसान. शिवाय त्याचा रोग कोणता, हेच तपासल्याशिवाय कळणार नाही. झोक जायची कारणं पुष्कळ असतात, आणि त्यातली काही साध्या औषधानं बरी होण्यासारखीही असतात.

करून पहा

पांढऱ्या दोऱ्याचा दोनेक हात तुकडा घ्या. त्यावर स्केचपेननं ओळीनं लाल-निळ्या खुणा करा. हा तुमचा ‘धडा’. आता दोरा शिलाई मशीनच्या बॉबिनवर घट्ट गुंडाळा आणि मित्राला खुणा क्रमानं वाचायला सांगा. जमेल? आता थोडा दोरा सैल करून पुन्हा वाचायला सांगा. दोरा तोच, खुणा त्याच. फरक कशानं पडला, ते वहीत लिहा.

पालकांसाठी चार शब्द

फ्रीडराइख ॲटॅक्सियासारखे रोग आईवडील दोघंही ‘वाहक’ असले तरच मुलात येतात. प्रत्येक बाळंतपणात मूल रोगी होण्याची शक्यता चारात एक. वाहकाला स्वतःला काहीच होत नाही, त्यामुळं आपण वाहक आहोत याचा पत्ताही नसतो. तेव्हा ‘सुनेच्या माहेरून आलं’ असं म्हणून बाईला बोल लावणं निव्वळ अन्याय आहे. बंद प्रत दोन्हीकडून आलेली असते.

आपल्याकडं मामाच्या किंवा आत्याच्या घरी लग्न लावायची चाल अजून आहे. एखादा माणूस वाहक असेल, तर त्याच्या मामे-आते भावंडांपैकी कुणी त्याच बंद प्रतीचं वाहक असण्याची शक्यता साधारण आठात एक असते. बाहेरच्या घराण्यात ती कितीतरी कमी. मामा-भाचीच्या नात्यात तर चारात एक. घराण्यात असा आजार झालेला असेल, तर सोयरीक जमवायच्या आधी आनुवंशिकी तज्ज्ञाचा सल्ला जरूर घ्यावा. रक्ताच्या नमुन्यावरून ही तपासणी होते.

मूल वारंवार पडू लागलं, अक्षर एकाएकी बिघडलं, जीभ जड झाली, तर ‘आळशी झालाय’ म्हणून रागावू नका. जिल्हा रुग्णालयातून मेंदूविकार तज्ज्ञाकडं पोचा. हृदयाची तपासणीही सांगितली तर करून घ्या. दुर्मीळ आजारांसाठी केंद्र सरकारचं 2021 चं धोरण आहे, त्यातलं एक केंद्र मुंबईच्या केईएम रुग्णालयात आहे. आणि शाळा सोडवू नका. 2016 च्या दिव्यांग हक्क कायद्यानुसार शाळेनं अशा मुलाची सोय करून द्यायची असते. वर्ग तळमजल्यावर घेता येतो, लिहायला जादा वेळ देता येतो. मागून घ्या, तो तुमचा हक्क आहे.

मुलांनो, तुमच्यासाठी काम

तुमच्या शाळेत झोक जात चालणारं कुणी असेल, तर त्याचं दप्तर उचला, पण त्याच्याऐवजी त्याचं गणित सोडवू नका. ते त्याला येतं.

आणि हा या आठवड्याचा प्रश्न: आईवडील दोघंही वाहक आहेत आणि त्यांना चार मुलं आहेत. तर त्यातलं बरोबर एक मूल रोगी असलंच पाहिजे का? दोन नाणी एकदम सोळा वेळा उडवा. दोन्ही ‘काटा’ किती वेळा पडले, ते लिहून ठेवा आणि मग विचार करा. उत्तर पुढच्या अंकात.

तुमचे,
गुरुजी